२७१ दुचाकी आणि एकच रांग: एका मदतनिधी रॅलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका मोटरसायकल क्लबची ही चौथी वार्षिक मदतनिधी रॅली होती. अपंग मुलांच्या पुनर्वसन केंद्रासाठी पैसे जमवायचे, सगळ्यांनी एकत्र निघून ११८ किलोमीटरवरच्या त्या केंद्रात जायचं, धनादेश आणि खेळणी द्यायची, जेवायचं आणि परत फिरायचं, असा साचा ठरलेला होता. पहिल्या वर्षी ३८ गाड्या होत्या, दुसऱ्या वर्षी ७० आणि तिसऱ्या वर्षी ११५. चौथ्या वर्षी नोंदणी २३६ वर गेली. रॅलीच्या सकाळी नोंदणी न केलेले ३५ जण परस्पर येऊन मिळाले. निघताना २७१ गाड्या होत्या.

ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. आकडे नोंदणीच्या यादीतून, शेवटच्या गाडीवरच्या जीपीएसच्या नोंदीतून आणि क्लबच्या जमाखर्चातून घेतलेले आहेत.

क्लब बेफिकीर नव्हता. परवानगी आणि विमा घेतला होता, रुग्णवाहिका ठरवली होती, १२ मार्शल, म्हणजे रांगेची वाट सांभाळणारे दुचाकीस्वार, नेमले होते आणि निघण्यापूर्वी वीस मिनिटं सूचना दिल्या होत्या. अशा रॅलीत काही बिघडलं की ‘दोन-चार उनाड पोरांनी घोळ घातला’ असं म्हणून विषय मिटवला जातो. इथे तसं म्हणायला जागा नाही. अपघातात सापडलेले तिघंही वर्षानुवर्षं गाडी चालवणारे होते आणि त्यांच्यापैकी कुणीही वेगमर्यादा ओलांडलेली नव्हती.

रांगेचं गणित

रॅलीच्या दोन आठवडे आधी समितीच्या बैठकीत जेवणाची ताटं, टी-शर्टांची मापं आणि व्यासपीठ यांवर चर्चा झाली. रांग किती लांब होईल, हे कुणी कागदावर मांडलं नाही. मांडायला पाच मिनिटं पुरली असती.

दुचाकींची नेहमीची रचना तिरपी असते. पहिला मध्यरेषेच्या बाजूला, दुसरा कडेच्या बाजूला, तिसरा पुन्हा मध्यरेषेकडे. तिरप्या शेजाऱ्यापासून किमान एक सेकंद आणि सरळ समोरच्यापासून किमान दोन सेकंद अंतर ठेवायचं. २७१ गाड्यांमध्ये २७० अंतरं होतात, म्हणजे पहिली आणि शेवटची गाडी एकाच खांबाजवळून जायला कमीत कमी साडेचार मिनिटं लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला ही रांग साडेचार किलोमीटरची होते. आणि हा झाला आदर्श. प्रत्यक्षात अंतर दीड सेकंदाच्या आसपास पडतं आणि रांग पावणेसात किलोमीटरवर जाते.

पुढचे बहुतेक प्रश्न याच आकड्यातून निघतात. ३० सेकंदांच्या हिरव्या सिग्नलला फार तर पंचवीस-तीस दुचाकी निघतात, त्यामुळे एका चौकात रांगेचे नऊ-दहा तुकडे पडणार. साडेचार किलोमीटरची रांग ओलांडू पाहणारी मोटार ताशी ८० ने गेली तरी तिला साडेतेरा मिनिटं आणि १८ किलोमीटर लागतात. दुपदरी रस्त्यावर ते शक्यच नसतं. मग ती मोटार मध्येच कुठेतरी रांगेत घुसते. चालकाला उद्धट ठरवणं सोपं आहे, पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नसतो.

मार्शलांचा हिशेब त्याहून अवघड होता. चौक अडवून रांग जाऊ द्यायची आणि मग सगळी रांग ओलांडून पुढच्या चौकात उभं राहायचं, अशी पद्धत ठरली होती. रांग ताशी ६० ने आणि मार्शल ताशी ९० ने जात असेल, तर साडेचार किलोमीटरची रांग ओलांडायला त्याला नऊ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात साडेतेरा किलोमीटर मागे पडतात. एकदा उभा राहिलेला मार्शल पुढच्या साडेतेरा किलोमीटरसाठी निकामी होतो. पहिल्या २० किलोमीटरमध्येच ११ चौक होते. बारा मार्शल तिथेच संपले. उरलेल्या रस्त्यावर ते रांगेच्या उजव्या-डाव्या अंगाने ताशी शंभरच्या पुढे धावत राहिले. दिवसभरातलं सगळ्यात धोक्याचं गाडी चालवणं सुरक्षेसाठी नेमलेल्या माणसांच्या वाट्याला आलं.

कायद्याची बाजूही आहे. वाहतूक थांबवण्याचा अधिकार बहुतेक देशांत पोलिसांना किंवा त्यांनी नेमून दिलेल्या माणसांनाच असतो. चमकदार जॅकेट घालून हात आडवा केला म्हणून तो अधिकार मिळत नाही. अडवलेल्या चौकात टक्कर झाली तर मार्शल आणि आयोजक दोघंही अडकतात, आणि सहभागींकडून सही करून घेतलेलं जबाबदारी-माफीचं पत्रक रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला लागू होत नाही.

आधी कोणते पर्याय होते

नोंदणी दीडशेच्या वर गेली तेव्हा समितीसमोर चार पर्याय आले. नोंदणी बंद करणं. गट पाडून ठरावीक अंतराने सोडणं. पोलिसांकडून रस्ता पूर्ण बंद करून घेणं. किंवा एकत्र प्रवास सोडून देऊन प्रत्येकाने आपापल्या वाटेने केंद्रावर भेटणं.

रस्ता बंद करायला प्रशासनाने नकार दिला. नोंदणी थांबवली तर निधी कमी पडेल असं वाटलं. उरलेले दोन्ही पर्याय ज्या कारणाने नाकारले गेले ते बैठकीच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेलं आहे: प्रायोजकाला ड्रोनमधून अखंड रांगेचं चित्रीकरण हवं होतं, आणि ‘एकत्र निघालो तरच रॅली वाटते’. मुलांच्या केंद्राला रांगेची गरज नव्हती. गरज छायाचित्राला होती.

अमेरिकेतलं मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन एकत्र जाण्यासाठी पाच ते सात जणांचा गट सुचवतं. त्याहून जास्त असतील तर गट पाडायचे. समितीतल्या दोघांनी हा मुद्दा काढला होता. ‘मार्शल वाढवू’ असं उत्तर मिळालं.

प्रत्यक्षात काय घडलं

शहरातून बाहेर पडायला पन्नास मिनिटं गेली. ताशी दहा-बारा किलोमीटरने पहिल्या गिअरमध्ये रेंगाळताना हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांना वारा मिळत नाही. तेल पातळ होतं. अर्धा दाबलेला क्लच सतत घसरत राहिल्याने प्लेटा तापून फुगतात, लिव्हरची ढिल बदलते आणि न्यूट्रल सापडेनासा होतो. अनेक जण मग जागेवरच इंजिन रेस करतात, त्याने उष्णता आणखी वाढते. तीन गाड्या इथेच बंद पडल्या. एकीचा क्लच जळाला. एक इतकी तापली की मालकाने पुढे नेली नाही. तिसरीची बॅटरी उतरली, कारण जादा दिवे लावलेले होते आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर चार्जिंग पुरत नाही.

मोकळ्या रस्त्यावर ताण-आखडीचा खेळ सुरू झाला. पुढचा एका खड्ड्यासाठी ६० वरून ५० वर येतो. त्याच्या मागच्याला ते कळायला अर्धा सेकंद लागतो, म्हणून तो ४८ वर येतो, त्याच्या मागचा ४५ वर. चाळीस-पन्नास गाड्यांनंतर कुणीतरी पूर्ण थांबतं. मोकळं झाल्यावर तुटलेलं अंतर भरायला मागचे सुसाट सुटतात. सगळ्यात पुढच्या गाडीने संपूर्ण वेळ ताशी ६० च्या आसपास वेग ठेवला होता. शेवटच्या गाडीच्या नोंदीत त्याच पट्ट्यात वेग शून्य ते ९५ असा वरखाली होत राहिलेला दिसतो, सरासरी ४१. नवखे लोक ‘मागे सांभाळून घेतील’ म्हणून शेपटाकडे ठेवले होते. म्हणजे सगळ्यात अवघड चालवणं सगळ्यात कमी अनुभव असलेल्यांना दिलं गेलं.

५२ व्या किलोमीटरवर पेट्रोल पंप होता. थांबा ‘गरज असेल त्यांच्यासाठी’ होता, पण पुढचे वळले की मागचे वळतातच. सहा नळ्या, प्रत्येक गाडीला टाकीचं झाकण उघडण्यापासून पैसे देऊन बाजूला होईपर्यंत तीन मिनिटं, म्हणजे मिनिटाला दोन गाड्या. १४० जणांनी पेट्रोल भरलं. सत्तर मिनिटं गेली. कडेच्या मऊ जमिनीत साइड स्टँड रुतून दोन गाड्या आडव्या झाल्या, त्यातल्या एकीचा ब्रेक लिव्हर तुटला. बाहेर मोटारींची रांग लागली ती वेगळीच.

सत्तर मिनिटं तिष्ठत राहिलेली माणसं पुन्हा निघाली तेव्हा उशीर भरून काढायच्या मनःस्थितीत होती.

अपघात

७१ व्या किलोमीटरवर उताराचं, आत आवळत जाणारं वळण आहे. वळणात तिरपी रचना मोडून एकामागे एक जायचं, हे सकाळी सांगितलेलं होतं. इशारा एक बोट वर करून पुढून मागे पोहोचवायचा होता. तो सुमारे साठाव्या गाडीपर्यंत पोहोचला आणि तिथे थांबला, कारण मधल्या एकाने हात हँडलवरून काढला नाही. उतारावरच्या वळणात त्याने तसं करणं बरोबरच होतं. माणसामाणसांतून इशारा जाण्याची पद्धत दहा गाड्यांना चालते, दोनशेंना नाही.

दीडशेव्या गाडीच्या आसपास एक मोटार रांगेत घुसली होती. वळणात तिने ब्रेक लावले. मागचे दोघं अजून तिरप्या रचनेत, जवळजवळ शेजारी होते. वळणात दुचाकीला पूर्ण मार्गिकेची रुंदी लागते: बाहेरून आत यायला, आणि चुकलं तर सावरायला. शेजारी गाडी असली की ती जागा नसते. आतल्या बाजूचा चालक ब्रेक लावून सरळ झाला आणि बाहेर गेला, बाहेरच्याला लागला. तिसरा त्यांच्यावर आदळला. एकाचं कॉलरबोन मोडलं, कॅनव्हासचे बूट घातलेल्या दुसऱ्याचा घोटा मोडला, तिसऱ्याला खरचटलं.

त्यानंतरची वीस मिनिटं खरं तर अपघातापेक्षा जास्त अभ्यासण्यासारखी आहेत.

मागून आलेले सगळे मदतीला थांबले. तीसेक गाड्या दोन्ही कडांना, काही वळणाच्या आतच. रुग्णवाहिका नियमाप्रमाणे रांगेच्या अगदी शेवटी होती. मध्ये सुमारे १२० दुचाकी आणि अडकलेल्या मोटारी. अडीच किलोमीटर पार करायला तिला २२ मिनिटं लागली. तेवढ्यात कुणीतरी जखमीला उठवून बसवलं आणि कुणीतरी हेल्मेट काढायला घेतलं. सुदैवाने एका परिचारिकेने दोघांनाही थांबवलं. श्वास अडत नसेल तर हेल्मेटला हात लावायचा नाही. अडत असेल तर एकाने मान स्थिर धरून दुसऱ्याने काढायचं, आणि तेही शिकलेलं असेल तर.

सगळ्यात पुढच्या गाडीला अपघात कळायला ११ मिनिटं लागली. वॉकीटॉकी फक्त पहिल्या आणि शेवटच्या गाडीवर होत्या. हातात मावणाऱ्या संचाचा संदेश डोंगराआड जात नाही. फोन खिशात होते. आणि रॅली थांबवण्याचा निर्णय कुणी घ्यायचा, हे आधी ठरलेलंच नव्हतं.

वाटेत घेतलेला निर्णय

७८ व्या किलोमीटरवरच्या मोठ्या मैदानात पुढचा भाग थांबवला गेला. तिथे तीन मार्ग होते: रॅली रद्द करणं, सगळे जमेपर्यंत थांबून पुन्हा एकच रांग करणं, किंवा सुटे गट करून सोडणं. रद्द केली तर शे-दोनशे लोक एकाच वेळी उलटे फिरून त्याच वळणावर गर्दी करणार होते. रांग पुन्हा जुळवायची तर तोच प्रकार पुढेही होणार.

मार्शलप्रमुखाने तिसरा मार्ग निवडला. तोपर्यंत काही जण घरी परतले होते, सुमारे १९० उरले होते. आठ-आठ जणांचे गट, प्रत्येकात रस्ता माहीत असलेला एक पुढे आणि एक अनुभवी मागे, दर दोन मिनिटांनी एक गट. चोवीस गट ४६ मिनिटांत सुटले. उरलेल्या ४० किलोमीटरमध्ये एकही चौक अडवावा लागला नाही, कुणी हरवलं नाही आणि मोटारी दोन गटांमधल्या मोकळ्या जागेत थांबत थांबत सहज पुढे गेल्या. सबंध दिवसातला नीट पार पडलेला भाग हाच, आणि तो दहा मिनिटांत उभ्याउभ्या आखलेला होता.

केंद्रावर

रॅली पावणेतीन तास उशिरा पोहोचली. मुलं जेवायची थांबली होती. एकसारख्या आवाजाच्या शंभर गाड्या एकत्र वाजल्या तर एका गाडीपेक्षा आवाज २० डेसिबलने वाढतो. इथे आवारात त्याहून जास्त गाड्या होत्या आणि काहींचे सायलेन्सर बदललेले होते. मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांना कर्मचाऱ्यांनी मागच्या खोलीत नेलं. केंद्राने निघण्यापूर्वीच ‘इंजिनं फाटकाबाहेर बंद करा’ असं कळवलं होतं. तो निरोप सूचनांच्या वीस मिनिटांत राहून गेला.

खेळण्यांचं म्हणाल तर बहुतेक मऊ, केसाळ आणि न धुता येणारी होती. संसर्गाच्या भीतीने केंद्र ती वापरू शकत नव्हतं. त्यांना हवे होते चाकाच्या खुर्च्यांचे टायर, बेअरिंग आणि दुरुस्तीचा माणूस. दुचाकीवाल्यांच्या क्लबला याहून सोयीची मागणी क्वचितच मिळाली असती. ती आधी कुणी विचारली नाही.

पैशाचा हिशेब

जमलेल्या दर शंभर रुपयांमागे टी-शर्ट आणि पदकांना २७ गेले, जेवणाला २४, विम्याला ९, व्यासपीठ आणि ध्वनियंत्रणेला ८, रुग्णवाहिका-प्रथमोपचाराला ६, परवानगी आणि बॅरिकेडना ५. केंद्राला मिळाले २१. जेवणाच्या २४ पैकी ३ नोंदणीशिवाय आलेल्या ३५ जणांवर खर्च झाले. लिटरला ३० किलोमीटर धरले तर, वाटेतून परतलेले वजा करूनही, जाऊन-येऊन या ताफ्याने सुमारे १,९०० लिटर पेट्रोल जाळलं. तो खर्च प्रत्येकाने आपल्या खिशातून केला म्हणून हिशेबात आला नाही, पण देणगीदाराच्या मनात तो ‘मी दिलेला’ म्हणूनच जमा होतो.

पुढच्या वर्षीचे बदल

समितीत रॅली बंद करण्याचा ठरावही आला होता. त्यात नवल नव्हतं. वॉशिंग्टनमधली ‘रोलिंग थंडर’ १९८८ पासून चालत आली होती आणि २०१९ नंतर मूळ आयोजकांनी खर्चाचं आणि व्यवस्थेच्या अडचणींचं कारण देऊन ती थांबवली. उलट २०१२ मध्ये सिडनीतून सुरू झालेल्या ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’मध्ये प्रत्येक रायडर आपल्या ओळखीच्या लोकांकडून निधी जमवतो. शेवटी क्लबने ही दुसरी कल्पना उचलली: प्रवेश फी नाममात्र, टी-शर्ट हवा त्याने वेगळा विकत घ्यायचा, आणि बाकी पैसा प्रत्येकाने जमवून थेट केंद्राच्या खात्यात भरायचा.

नोंदणी १५० वर थांबवली. आले १३१. सात-सात जणांचे १९ गट केले, दर चार मिनिटांनी एक सोडला. शेवटचा गट पहिल्यानंतर ७२ मिनिटांनी सुटला. नोंदणीची मनगटपट्टी नसेल त्याला गटात घेतलं नाही, आणि यावरून फाटकावर दोनदा वाजलं. सुटण्यापूर्वी टायर, चेनचा ढिलेपणा, ब्रेक दिवा आणि टाकी बघितली. अर्ध्याहून कमी पेट्रोल असेल तर आधी भरून येऊन नंतरच्या गटात जायचं.

मार्शल पाच संभ्रमाच्या चौकांत रस्त्याबाहेर उभे केले. काम फक्त दिशा दाखवणं, वाहतुकीला हात लावायचा नाही. रुग्णवाहिका दोन ठेवल्या, ३० व्या आणि ८० व्या किलोमीटरवर, दोन्ही दिशांना निघता येईल अशा जागी. अपघात झाला तर त्या गटातले दोघं थांबतील, एक फोन करेल आणि बाकीचे पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत जातील, असा नियम लेखी दिला. रॅली थांबवण्याचा अधिकार एका नावावर लिहिला आणि ते माणूस गाडीवर नव्हतं. फोन घेऊन खोलीत बसलं होतं.

ड्रोनचं चित्रीकरण सुटण्याच्या मैदानात, गाड्या उभ्या आणि इंजिनं बंद ठेवून केलं. एका प्रायोजकाला ते पटलं नाही आणि तो गेला.

निकाल

अपघात झाला नाही, पण एका वर्षाच्या अनुभवावरून पद्धत सिद्ध झाली असं म्हणता येत नाही. एकूण जमा आदल्या वर्षाच्या ८० टक्के झाली. खर्च मात्र आदल्या वर्षीच्या जमेच्या २३ टक्क्यांवर आला, त्यामुळे केंद्राला २१ च्या जागी ५७ मिळाले, म्हणजे जवळपास पावणेतीनपट. क्लबचे सहा सभासद रॅलीनंतर दोन शनिवार केंद्रात खुर्च्या दुरुस्त करायला गेले. त्याचं छायाचित्र कुणी काढलं नाही.

नाराजीही होती. ‘पूर्वीसारखी मजा नाही’ ही तक्रार नोंदवहीत सगळ्यात जास्त वेळा आहे आणि ती खरी आहे. मोठ्या रांगेत असण्याचा आनंद हेच अनेकांचं येण्याचं कारण असतं. सातांच्या गटात तो मिळत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

एक चूक नव्या योजनेतही राहिली. नवख्यांचे गट आधी सोडले, त्यांना भरपूर वेळ मिळावा म्हणून. चाळीस किलोमीटरनंतर वेगवान गट त्यांना गाठू लागले. दोन ठिकाणी तीन-तीन गट एक होऊन वीस-एकवीस गाड्यांच्या रांगा तयार झाल्या, आणि त्यातल्या नवख्यांनी वेग वाढवला, कारण मागचे दिवे आरशात दिसत होते. वेगवान गट आधी आणि संथ गट शेवटी सोडले तर अंतर आपोआप वाढत जातं. संथ गट उशिरा पोहोचतात, म्हणून त्यांना सुरुवातीचा चहा-भाषणाचा कार्यक्रम न ठेवता थेट निघू द्यायचं आणि केंद्रावरचा कार्यक्रम ठरावीक वेळेऐवजी दोन तास खुला ठेवायचा, असं पुढच्यासाठी ठरलं आहे. पुढच्या गटाला गाठलं तर मागच्याने ओलांडायचं नाही, सुरक्षित जागी बाजूला घेऊन तीन मिनिटं थांबायचं, हाही नियम आता गटप्रमुखांच्या कागदावर आहे. तीन मिनिटं मोजून कोण थांबेल, यावर समितीत अजून एकमत नाही.